सिगारेट ओढता? मग नोकरी नाही

२००६ साली आयर्लंडमधल्या एका लहानशा कंपनीने नोकरीच्या जाहिरातीत बजावलं होतं, की सिगारेट ओढणाऱ्यांनी अर्जच करू नये. युरोपीय संसदेतल्या स्कॉटलंडच्या सदस्य कॅथरीन स्टिहलर यांनी युरोपीय आयोगाला विचारलं, हे कायद्यात बसतं का? आयुक्त व्लादिमिर श्पिडला यांचं उत्तर आलं, की युरोपच्या भेदभावविरोधी कायद्यांत याला मनाई नाही. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता. आता तो बाहेर पडलाय, पण तिथल्या उमेदवाराला आजही हेच उत्तर मिळेल.

नऊ कारणं, दहावं नाही

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात नऊ गोष्टींना संरक्षण आहे: वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह किंवा नागरी भागीदारी, गरोदरपण आणि बाळंतपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल. यांपैकी एखाद्या कारणावरून नोकरी नाकारली तर मालकाला एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलपुढे उभं राहावं लागतं. बाकी बाबतींत त्याची मर्जी. उमेदवाराच्या मिश्या आवडल्या नाहीत म्हणून त्याला घरी पाठवणं मूर्खपणाचं असेल, पण तेवढ्याने ते बेकायदा ठरत नाही. सिगारेटही या मिश्यांच्याच रांगेत बसते.

मग व्यसन हे अपंगत्व मानता येईल का? ही वाट कायदा करणाऱ्यांनी आधीच बुजवून ठेवली आहे. त्याच वर्षीच्या नियमांनुसार दारू, निकोटिन किंवा इतर पदार्थांचं व्यसन अपंगत्वात धरलं जात नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधातून ते लागलं असेल तर गोष्ट वेगळी. ‘श्रद्धा’ हा शब्द मात्र बराच लवचीक निघाला. २०२० मध्ये एका ट्रायब्युनलने नैतिक भूमिकेतून पाळलेल्या व्हीगनपणालाही त्यात जागा दिली. सिगारेटला तिथे शिरकाव नाही, कितीही निष्ठेने ओढली तरी.

सवय उघड्यावर, आजार छपराखाली

मला या कायद्यातली सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट इथे आहे. कर्करोगाचं निदान झालं, की त्या क्षणापासून ती व्यक्ती कायद्याने अपंग गणली जाते आणि तिला संरक्षण मिळतं. आजार कशामुळे झाला, हे कायदा विचारत नाही. म्हणजे तीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला ‘ओढतोस म्हणून नको’ असं तोंडावर सांगता येतं. पण त्याच सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग झाल्यावर ‘आजारी आहेस म्हणून नको’ म्हणता येत नाही. हे उलटं वाटतं, पण त्यामागे विचार आहे. आजाऱ्याची चूक मोजत बसायचं नाही, असं एकदा ठरवलं की सवय आणि आजार यांच्यामध्ये कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

नोकरीत असलेल्यांचं काय?

कामाच्या बंदिस्त जागी धूम्रपानाला बंदी घालणारा कायदा स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये आला आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून. मात्र ‘ओढणं हा आमचा हक्क’ हा दावा त्याच्या कितीतरी आधी निकालात निघाला होता. ग्लासगोच्या आरोग्य मंडळाने १९९१ मध्ये आपल्या आवारात पूर्ण बंदी घातली. दिवसाला तीसेक सिगारेटी ओढणाऱ्या एका नर्सिंग सहायक बाईंनी काही दिवसांतच राजीनामा दिला आणि मला काम सोडायला भाग पाडलं, अशी तक्रार केली. १९९२ च्या अपिलात त्या हरल्या. ओढू देण्याची हमी नोकरीच्या करारात गृहीत नसते, असं अपील ट्रायब्युनलने ठरवलं.

सिगारेटसाठी वेगळी सुट्टीही नाही. सहा तासांहून जास्त काम असेल तर वीस मिनिटांची विश्रांती मिळते. त्यात चहा प्या नाहीतर बाहेर जाऊन धूर काढा. मात्र नोकरीत मुरलेल्या माणसाला निव्वळ घरी ओढतो म्हणून काढून टाकणं मालकाला जड जाईल. तिथे बडतर्फीला रास्त कारण दाखवावं लागतं. ब्रिटनमध्ये दार लावून घेणं सोपं, आत आलेल्याला बाहेर काढणं अवघड.

मालकांचं म्हणणं

फुकट जाणारा वेळ, आजारपणाच्या रजा, रुग्णाजवळ किंवा तान्ह्या बाळाजवळ कपड्यांना येणारा वास: मालकांची ही कारणं खोटी नाहीत. जागतिक आरोग्य संघटना तर १ डिसेंबर २००५ पासून तंबाखू वापरणाऱ्यांना नोकरीवर घेतच नाही. तंबाखूविरुद्ध जगभर मोहीम चालवणाऱ्या संस्थेला ते शोभतं. आपल्याकडे झारखंड सरकारनेही २०२० च्या अखेरीस कर्मचाऱ्यांकडून तंबाखू न वापरण्याचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं ठरवलं. पण गोदामात खोकी उचलणारा माणूस रात्री घराच्या पायरीवर काय करतो, याच्याशी खोक्यांचा काय संबंध?

फटका कोणाला?

ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रौढांपैकी सुमारे १२ टक्के लोक धूम्रपान करत होते. ते समाजात सारखे पसरलेले नाहीत. अंगमेहनतीच्या कामांत साधारण पाचात एक जण ओढतो, तर व्यवस्थापक आणि डॉक्टर-वकिलांच्या वर्गात दहात एकही नाही. ‘ओढणारा नको’ ही पाटी लागली, की ती मुख्यतः कमी पगाराच्या दारावर लागते.

इथे मालकाचीही पंचाईत होऊ शकते. इंग्लंडच्या २००४ च्या आरोग्य पाहणीत बांगलादेशी पुरुषांपैकी ४० टक्के धूम्रपान करणारे निघाले होते. सगळ्यांना सारखाच लावलेला नियम एखाद्या वंशाच्या लोकांना जास्त जाचत असेल, तर तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. मग हा नियम कामासाठी खरंच गरजेचा होता, हे मालकाला पटवून द्यावं लागेल. माझ्या मते उमेदवाराच्या वकिलाला पकडता येईल असा धागा असलाच तर तो हा.

आणि आपली मळलेली तंबाखू? धूम्रपानबंदीचा कायदा फक्त पेटवलेल्या वस्तूला लागू आहे. चुना लावून दाढेखाली धरलेली चिमूट किंवा सकाळची मिश्री त्यात येत नाही. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई वस्त्यांतल्या या सवयीसाठी ‘नाइस’ या तिथल्या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने २०१२ मध्ये वेगळी मार्गदर्शक सूचना काढली होती. मालकाने ‘तंबाखू’ म्हटलं तर ही मंडळी सापडतात, ‘धूम्रपान’ म्हटलं तर सुटतात.

ओळखायचं कसं?

तोंडी विचारणं हा सोपा मार्ग. पण उत्तर खोटं दिलं आणि पुढे ते उघडकीस आलं, तर ते खोटंच नोकरी जायला कारण होऊ शकतं. दुसरा मार्ग कोटिनिन चाचणीचा. निकोटिनचं शरीरात कोटिनिन बनतं आणि ते लाळेत, लघवीत काही दिवस सापडतं. ते सिगारेटमधून आलं, निकोटिनच्या पट्टीतून आलं की व्हेपमधून, हे मात्र नेहमीच्या चाचणीला कळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या दहा लाख लोकांना सिगारेट सोडण्यासाठी व्हेपचे संच द्यायची योजना जाहीर केली. सरकारचं ऐकून ज्याने सिगारेट खरोखर सोडली, तोही या चाचणीत ओढणाऱ्यांबरोबरच बाद होईल.