खोडव्याची निगा आणि घरातली वडीलधारी माणसे
(ऊसविकास विभागाकडून)



ऊसविकास विभागाच्या या पानावर एरवी बेणे, खत आणि पाणी यांचीच माहिती असते. या वेळी विषय जरा वेगळा आहे. उसाच्या नोंदी घ्यायला आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा बांधावर बोलणे उसावरून सुरू होते आणि पुष्कळदा घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी येऊन थांबते. कुणाच्या वडिलांना लकवा मारलेला असतो, कुणाच्या मायला दिसत नसते, कुणाच्या घरी वाटणीवरून बोलणे बंद असते. म्हणून दोन शब्द लिहितो.

लागणीच्या उसाला आपण जीव लावतो. खोडवा मात्र आयते पीक समजून सोडून देतो. पाचट पेटवतो, बुडखे छाटत नाही, नांग्या भरत नाही. मग टनेज घसरले की खोडव्यात राम नाही म्हणतो. पण वेळेवर निगा ठेवली तर खोडवा लागणीच्या बरोबरीने येतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचेही तसेच आहे. मोठा खर्च आणि मोठे भांडण बहुतेक वेळा लहान गोष्ट वेळेवर न केल्यामुळे येते.

आज पंचाहत्तरीत असलेल्या माणसांनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली. १९९३ साली किल्लारीचा भूकंप सोसला. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलेले पाहिले. ही माणसे दुखणे सांगत नाहीत. "आता काय राह्यलंय आमचं, लाकडं गेली मसणात," म्हणून हसण्यावारी नेतात. म्हणून विचारायचे काम घरच्यांनी करायचे.

१) रक्तदाब आणि साखर : ही दोन्ही दुखणी बराच काळ कळत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते, गोळ्याही मिळतात. बरे वाटले म्हणून गोळी बंद करणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. मोटारीचा फ्यूज काढून तार जोडावी, तसलाच तो प्रकार. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर जडीबुटीच्या किंवा अंगाऱ्याच्या मागे लागू नका. १०८ ला फोन करा. लकव्याची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते, आणि ते सर्व दवाखान्यांत नसते. त्यामुळे आधी मोठा दवाखाना. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

२) पाय : साखरेच्या माणसाच्या पायाची जाणीव कमी होते. तोडलेल्या फडातून अनवाणी चालताना बुडख्याने पाय चिरला तरी समजत नाही. जखम चिघळते आणि गोष्ट पाय कापण्यावर जाते. फडात बूट घालावेत. रात्री निजण्यापूर्वी सुनेने किंवा नातवाने तळवे पाहावेत. दोन मिनिटांचे काम आहे.

३) डोळे : "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू" ही जुन्या काळची गोष्ट झाली. आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते. दिसत नाही म्हणून माणूस घरात बसते, आणि घरात बसले की खचते.

४) पडणे : न्हाणीतल्या शेवाळावर पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. मोटारीच्या जुन्या पाइपचा तुकडा भिंतीत बसवला तर धरायला आधार होतो. लाइट रात्रीची असली की म्हातारा बॅटरी घेऊन एकटाच मोटार चालू करायला निघतो. त्याला रोखणे कठीण, हे आम्हाला ठाऊक आहे. निदान सोबत कुणीतरी जावे.

५) मायमाउल्या : घरातली म्हातारी सगळ्यांच्या मागून जेवते आणि दुखणे सगळ्यात शेवटी सांगते. आता तर नातवाच्या क्लासपायी आजी लातूरला खोली करून स्वयंपाकाला राहते, आणि आजोबा गावात शिळ्या भाकरीवर दिवस काढतात. शिक्षण झालेच पाहिजे. पण वर्ष-दोन वर्षे दोघांची ताटातूट करण्याआधी त्यांना विचारावे, आणि दोघांच्याही गोळ्यांची सोय लावावी.

आता जमिनीचे. वाद टळावा म्हणून सगळे रान लेकांच्या नावे करून मोकळे होणारे सभासद आम्ही पाहतो. उसाची नोंद बदलते, बिल लेकाच्या खात्यावर जाते, आणि ज्याने विहीर खोदली त्याला गोळ्यांच्या पैशासाठी हात पसरावा लागतो. लेक वाईट असतो असे नाही. त्याच्यावरही सोसायटीचे कर्ज आणि पोरांच्या फिया असतात. पण मागणाऱ्याला लाज वाटते, आणि देणाऱ्याला आठवत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, दोघा म्हाताऱ्यांच्या पोटापुरते रान आणि त्याचे बिल त्यांच्याच नावावर राहू द्या. पुढची व्यवस्था मृत्युपत्राने करता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि हयातीत ते केव्हाही बदलता येते.

बक्षीसपत्र करायचेच असेल, तर "आमचा सांभाळ करावा" ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडल्यास ते पत्र रद्द करून मागता येते. याच कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो. तशी वेळ कुणावर येऊ नये, पण माहिती असावी. कारखान्याच्या शेअर्सना वारस नेमला आहे का, हेही एकदा पाहून घ्या. सभासद गेल्यावर सातबाऱ्यावर त्यांच्या पत्नीचे नाव इतर वारसांबरोबर लागले की नाही, याकडेही लक्ष असू द्या.

सवलतीही आहेत. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस. टी. चा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे तिकीट. सत्तरीच्या पुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत दवाखान्याचा खर्च मिळतो. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधार कार्ड घेऊन जा आणि कार्ड काढून ठेवा. आजारी पडल्यावर धावपळ नको.

शेवटी बिनखर्चाची गोष्ट. लागण कधी करायची, कोणते बेणे घ्यायचे, हे ठरवताना म्हाताऱ्याला विचारा. मानायचे की नाही ते पुढचे पुढे. ज्याला घरात कुणी काही विचारत नाही, त्याची भूक आधी जाते आणि झोप मागून जाते.

या हंगामात खोडव्याचे पाचट कुजवाल, नांग्या भराल, पहारीने खत द्याल, अशी आमची खात्री आहे. त्याच आठवड्यात एक दिवस काढून आई-वडिलांना आरोग्य केंद्रात घेऊन जा, एवढीच विनंती.