दिवा लागला म्हणून सेन्सर गेला?

"ताई, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल. साहेबांनाच पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो."

आता गाडी माझी, हप्ते मी फेडलेले, चालवते मी. साहेबांना तर गाडीचा नंबरही पाठ नाही! म्हटलं, "दादा, आधी तपासून मला दाखवा. मग बदलू."

मैत्रिणींनो, डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडतात आणि त्यात कोड दिसतो. माझ्या गाडीचा आला पी-०१७१. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. सेन्सर बिघडला असं तो कोड कुठे म्हणतो? ताप दाखवला म्हणून कुणी थर्मामीटर फेकून देतं का!

हा सेन्सर इंजिनाजवळ, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो सांगतो आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. ऑक्सिजन उरला तर ०.१ व्होल्टच्या आसपास, पेट्रोल जास्त झालं तर ०.९. पण हे महाशय ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय धड बोलत नाहीत, त्यामुळे थंड इंजिनवरचं रीडिंग धरायचं नाही.

दादांनी जरा नाराजीनेच इंजिन गरम केलं आणि स्कॅनरवर व्होल्टेजचा आलेख लावला. गाडी नुसती उभी असताना रेष खालीच चिकटलेली. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मग मी ॲक्सिलरेटर २,५०० आरपीएमवर धरायला लावला. रेष झोक्यासारखी वर-खाली, वर-खाली! चांगल्या सेन्सरची खूण हीच. मेलेल्या सेन्सरची रेष एका जागी तरी बसते, नाहीतर रेंगाळत हलते.

म्हणजे सेन्सर खरंच बोलत होता. उभ्या गाडीत कुठून तरी जादा हवा शिरत होती. शोधल्यावर इंजिनामागची एक रबरी नळी चिरलेली सापडली. साडेचार हजारांचं काम अडीचशेत झालं.

अर्थात सेन्सर खरोखर जातातही, आणि ते अंगावर काढू नये. पेट्रोल जास्त जळत राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो आणि तो सेन्सरच्या कितीतरी पट महाग. कधी कधी आतला छोटा हीटरच जळतो, पी-०१३५ हा कोड त्या हीटरच्या सर्किटचा. तिथे मल्टिमीटरने हीटरचा रेझिस्टन्स मोजायचा, आणि फ्यूज व वायर आधी बघायची. कन्व्हर्टरच्या पुढे दुसरा सेन्सर असतो, त्याची रेष मात्र स्थिरच हवी, तिथे गोंधळू नका. काही नव्या गाड्यांतले सेन्सर ०.१-०.९ च्या हिशेबाने चालतच नाहीत, त्यांचे आकडे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावे लागतात.

आणि बदलायचाच ठरला, तर जुना सेन्सर हातात मागून घ्या.