घासलेटावर उडणारे विमान

जेट विमानाचे इंधन म्हणजे जवळजवळ आपले रॉकेलच, असे वर्गात सांगून पाहा. मुलांचा विश्वास बसत नाही. मोटारीला पेट्रोल आणि विमानाला घासलेट?

उत्तर आधी इंजिनात शोधू. मोटारीच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारभर वेळा नव्याने ठिणगी पडते. त्याआधी इंधनाची वाफ होऊन ती हवेत मिसळलेली असावी लागते. म्हणून तेथे चटकन उडून जाणारे पेट्रोल हवे. जेट इंजिनात ठिणगी लागते ती मुख्यतः सुरू करताना. पुढे पंपाच्या स्टोव्हसारखी ज्योत अखंड जळत राहते. दाबून तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला, की रॉकेलही सहज पेटते. (पंख्याची लहान विमाने पिस्टन इंजिनाची असली, तर त्यांतल्या बहुतेकांना पेट्रोल लागते.)

पण जेट इंजिनात पेट्रोलही जळले असतेच! आमच्या मते खरा प्रश्न टाकीचा आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. विमानाचे रॉकेल मात्र निदान ३८ अंशांपर्यंत तापल्याशिवाय पेटण्याजोगी वाफ देत नाही. अमेरिकी वायुदलाने १९५१ पासून पेट्रोलसारखे हलके घटक मिसळलेले 'जेपी-४' इंधन वापरले. ते थंडीत उत्तम चाले, पण गोळी लागली किंवा अपघात झाला की लवकर भडके. व्हिएतनाम युद्धात त्याची किंमत मोजावी लागली. १९९०च्या दशकात त्याची जागा रॉकेलाच्या जातीच्या 'जेपी-८'ने घेतली.

मग आणखी जड असे डिझेल का नको? तर थंडीमुळे. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असते. तेथे साध्या डिझेलमधले मेण गोठून गाळण्या तुंबतील. प्रवासी विमानांच्या 'जेट ए-१' इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश किंवा त्याखालीच असावा लागतो.

एवढ्यानेही भागत नाही, कारण इंधनात थोडे पाणी असतेच. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेले बोइंग ७७७ उतरण्याच्या बेतात असताना दोन्ही इंजिनांचा जोर कमी पडला आणि ते धावपट्टीच्या अलीकडेच टेकले. इंधन गोठले नव्हते. त्यातल्या पाण्याचा बर्फ इंजिनाच्या तेलाच्या उष्णतेने इंधन तापवणाऱ्या भागाच्या तोंडाशी साचला होता. विमानातले सर्व १५२ जण वाचले. पुढे त्या जातीच्या इंजिनांत हा भाग नव्या रचनेचा बसवण्यात आला.