दार लावून घ्या, डॉक्टर आलेत!

कुर्डुवाडीहून पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे आमच्या घरी एक मोहीमच असे. सकाळची 'हुतात्मा' गाठायची, पोळी-भाजीचा डबा बांधायचा, पुण्यात रिक्षा शोधायची, नंबर लागेपर्यंत बाकावर ताटकळायचं आणि दहा मिनिटांच्या तपासणीसाठी रात्री उशिरा घरी परतायचं! सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास. जाण्यायेण्यानेच तो चढायचा. त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी "मधल्या तपासण्या आपण व्हिडिओवरून करू" असं सुचवलं, तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच हायसं वाटलं.

ठरल्या दिवशी बाहेरच्या खोलीत साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. ह्यांच्या हातात फाइल, मुलं मागून डोकावताहेत, सासरे खुर्चीत. डॉक्टरांनी रक्तदाबाचे आकडे ऐकले, गोळी तीच ठेवली आणि विचारलं, "आणखी काही त्रास?"

"काही नाही, बरी आहे की," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मेथी निवडताना मात्र हळूच म्हणाल्या, "अगं, तीन महिने झाले, अधूनमधून अंगावरून लाल जातंय. पाळी जाऊन बारा वर्षं झाली माझी."

"आई, मग सकाळी का नाही बोललात?"

"मुलासमोर? आणि नातू शेजारी उभा!"

त्यांचं काय चुकलं? दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगतात, पडदा ओढतात. घरी हा पडदा कुणी ओढायचा? तो आपणच ओढायला हवा, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. ह्या खेपेला आम्ही दोघीच, आणि दाराला आतून कडी. सासूबाई आधी अडखळल्या, मग सगळं बोलल्या. बाईंनी स्पष्ट सांगितलं, "पाळी कायमची बंद झाल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तरी तपासून घ्यायलाच हवं. आणि ही तपासणी फोनवरून होत नाही. ह्याच आठवड्यात प्रत्यक्ष दाखवा."

आम्ही सोलापूरला गेलो. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही. निघाला साधा पॉलिप. तो काढून टाकला. पुष्कळदा कारण असंच किरकोळ असतं. पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते, आणि तो वेळेवर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. म्हणून "वयामुळे असेल" असं म्हणून गप्प बसू नये.

मैत्रिणींनो, ही सोय आता सरकारमान्य आहे. दूरवरून उपचार कसे करावेत, याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केली. पाठोपाठ एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी'ची घरबसल्या सल्ल्याची मोफत सेवाही सुरू झाली. ज्यांना मोबाइलचं जमत नाही त्यांना आरोग्य उपकेंद्रात जाता येतं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी शेजारी बसून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात.

अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी सांगते:

● आधीच्या आठवड्यातल्या रक्तदाबाचे किंवा साखरेचे आकडे तारखेनिशी वहीत लिहा. गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा. "ती पांढरी गोळी" म्हटल्याने डॉक्टरांना काही कळत नाही!

● उजेड तोंडावर येऊ द्या. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. सूज किंवा पुरळ असेल तर ते उजेडात दाखवा.

● विचारायचे प्रश्न आधीच कागदावर मांडा. आजारी माणसालाच बोलू द्या. आपण मध्येमध्ये उत्तरं देऊ नयेत. (ही खोड मला स्वतःला मोडावी लागली.)

● औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा. झोपेच्या आणि गुंगीच्या काही गोळ्या अशा सल्ल्यावर देता येत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांकडे हट्ट धरू नका.

आणि छातीत कळ, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, गरोदरपणात रक्त जाणं, असं काही झालं तर व्हिडिओच्या नादी लागूच नका. सरळ १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

आता सासूबाईंच्या तपासणीची वेळ झाली की मी मुलांना अंगणात पिटाळते आणि ह्यांना बाजारात धाडते. परवा तर सासूबाईच मला म्हणाल्या, "आता तूही जरा बाहेर बस बघू!" मी हसत उठले आणि दार ओढून घेतलं.