देवीच्या पंचांगात झोपेला जागा आहे

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. मूर्ती चल असल्यामुळे ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राआधीची घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंतची श्रम निद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधीची मोह निद्रा. दसऱ्याचा पलंग तर अहिल्यानगर जिल्ह्यातून भक्तमंडळी पायी घेऊन येतात. महिषासुराशी लढण्याआधी विश्रांती आणि लढाई संपल्यावर पुन्हा विश्रांती! देवीच्या वेळापत्रकात झोपेची तिथी ठरलेली आहे. आपण मात्र सगळी कामे, मालिका आणि मोबाइल आटोपून उरलेला वेळ झोपेला देतो आणि मग ती रुसली म्हणून कुरकुरतो.

अर्थात सगळे जागरण एका जातीचे नसते. शेतीपंपाची वीज रात्री येते त्या आठवड्यात आमच्या धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी कंदील नाही तर बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. त्याला निद्रानाश झालेला नाही. त्याला झोपू दिलेले नाही. त्याला जायफळाचे दूध सुचवणे म्हणजे थट्टाच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकती निजली होती. चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर भागात दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे दीर्घकाळ छपराखाली पाठ टेकायला धजावत नव्हते. अशा भीतीने किंवा दुःखाने गेलेली झोप घरगुती उपायांवर सोपवू नये. तिथे मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

उरले आपण. छप्पर शाबूत, अंथरूण मऊ, आणि तरी रात्री दोनला पंख्याकडे बघत पडलेले. या वर्गात निवृत्तांचा भरणा मोठा. नोकरी सुटली की गजर सुटतो, दुपारी जेवणावर दोन तास वामकुक्षी होते, चारला चहा, सहाला मित्रांबरोबर आणखी एक. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हा हिशेब सरळ दिसतो. दिवसभर जागे राहून झोपेची जी शिल्लक साठते, ती आपण दुपारीच काढून घेतो आणि रात्री खाते रिकामे म्हणून तक्रार करतो. त्यात चहाकॉफीतले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतरचा चहा सोडावा. डुलकी हवीच असेल तर तीनच्या आत, वीस मिनिटांची.

झोपायची वेळ पाळण्यापेक्षा उठायची वेळ पाळणे महत्त्वाचे. रात्र कशीही गेली तरी पहाटे ठरल्या वेळी उठावे आणि उजाडले की अंगणात, गच्चीवर फिरावे. सकाळच्या उजेडावर शरीरातले घड्याळ लागते. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. आपल्या आजीने ते कोंबड्यावर भागवले होते!

दुसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात लोळत राहू नये. उठावे, मंद दिव्यात काही रुक्ष वाचावे, डोळे जड झाले की परत यावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही डॉक्टर शिकवतात. जुन्या निद्रानाशाला गोळीच्या आधी अशी सवयींची आणि विचारांची उपचारपद्धती द्यावी, असे अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळणे, गरम दूध, शवासन हेही जरूर करावे. त्यात औषध किती आणि मायेचा हात किती, हे विचारू नये. दारू मात्र नको. ती लवकर निजवते आणि मध्यरात्री उठवून बसवते.

पहिले आठ-पंधरा दिवस जड जातील, दिवसा पेंग येईल. ज्यांची झोपेची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे त्यांनी ती एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. आणि घरातले कोणी मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तर ते त्याला स्वतःला कळत नाही. हे डॉक्टरांना शेजारी झोपणाऱ्यानेच सांगायचे असते.