जनावरांचा निवारा : आधी काय पाहावे?



आदिवासी पाड्यांवरील शाळेला आणि दवाखान्याला आपण मदत करतो, तर तिथल्या जखमी व अनाथ जनावरांसाठी निवारा का उभारू नये, असे माहुलमधील आमच्या तरुण संघाने विचारले आहे. हेतू चांगला आहे. पण आधी अशा कामाची रीत समजून घेऊ या.

आपल्या महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे आहे. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये माडिया गोंड बांधवांसाठी तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहून रुग्णसेवा करू लागले. एकदा शिकारीहून परतणाऱ्या माडियांजवळ मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉक्टरांना दिसले. ते त्यांनी मागून घेतले. पुढे अनाथ पिल्ले येत गेली. बिबटे, अस्वले, तरस तिथे वाढले.

माडिया शिकार करीत ती भुकेपोटी. डॉक्टरांनी त्यांना दोष दिला नाही. पिल्लांच्या बदल्यात धान्य, कपडे दिले आणि औषधोपचार व शिक्षणाचे काम चालू ठेवले. माणसाची भूक बाजूला ठेवून प्राण्यांवर दया करता येत नाही, हा मला यातला पहिला धडा वाटतो.

आता रोजच्या कामाचे नियम :

1. जागा, पाणी, माणसे आणि वर्षभराचा खर्च पाहून जनावरांची संख्या आधी ठरवावी. जागा भरली की नवे घेऊ नये. दाटीत रोग पसरतात.

2. नवे जनावर किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे. त्याची भांडी आणि झाडूही वेगळे असावेत. पशुवैद्याची तपासणी, लस, जंतांचे औषध झाल्यावरच इतरांत सोडावे.

3. काम करणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घ्यावी. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे. हळद, चुना, मिरची लावू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही.

4. जनावर कुठून आले, कोणते औषध दिले, पुढे कुठे गेले, हे नोंदवहीत लिहावे. देणगीदारांनाही ती वही पाहता यावी.

5. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण 2023 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडूनच करून घ्यावे.

6. वन्यप्राणी आपल्याकडे ठेवू नयेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते मना आहे. आपल्या माहुल खाडीत जखमी रोहित पक्षी दिसला, तरी वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.

माझे मत स्पष्ट सांगतो. इमारत बांधणे सोपे असते. दहा वर्षे रोज सकाळी पिंजरे धुणारा माणूस मिळणे कठीण. म्हणून तूर्त निवारा नको. पाड्यावरील कुत्र्यांना रेबीजची आणि शेळ्यांना पीपीआरची लस मिळेल, एवढे पशुसंवर्धन विभागाच्या मदतीने पाहू या. शेळी ही गरीब घराची अडीअडचणीची पुंजी असते. ती वाचली तर मुलाची वही आणि आजाऱ्याचे औषध वाचते.

नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची ओळख तो आपल्या जनावरांची काळजी घेतो यावरून दिली आहे. या कामासाठी प्रार्थना करा. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा.