कागदाचं चिलखत

वडोदऱ्यात जुन्या लष्करी वाहनाचा विषय काढला की मराठी घरातलं कुणी ना कुणी मल्हारराव गायकवाडांच्या सोन्याच्या तोफेवर येतंच. बैलांनी ओढायची, मिरवणुकीत दिपवणारी ती तोफ लढाईच्या कामाची किती, हा वेगळा वाद. कागदी मॉडेलसाठी मला तिच्यापेक्षा रोल्स-रॉइसची चिलखती मोटार जास्त भावते, कारण ती जन्मापासूनच ठिगळं लावलेली आहे.

पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलाने श्रीमंतांच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीचा सांगाडा घेतला आणि त्यावर पोलादी पेटी आणि फिरता मनोरा चढवला. पहिल्या गाड्या डिसेंबर १९१४मध्ये हाती आल्या. सहा सिलिंडरचं इंजिन, १२ मिलिमीटरपर्यंत जाडीचे पत्रे, मनोऱ्यात एक व्हिकर्स मशीनगन, वजन साडेचार टनांच्या वर. एवढा बोजा घेऊनही ती चांगल्या रस्त्यावर ताशी ७० किलोमीटर पळायची. ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्सने अरबस्तानच्या वाळवंटात याच गाड्या वापरल्या. १९२०च्या सुधारित नमुन्यात रेडिएटरपुढचं चिलखत जाड झालं, तारांच्या आऱ्यांच्या जागी सपाट पत्र्याची चाकं आली. हा बदल करणाऱ्याला कागदकाम करणाऱ्याने मनोमन नमस्कार करावा. कागदातून तारांच्या आऱ्या कापणं ही शिक्षा आहे.

लष्करी गाड्यांच्या कागदी मॉडेलांत १:२५ हे प्रमाण पोलंडमुळे रुळलं. तिथलं ‘मावी मोदेलाश’ हे मासिक १९५७पासून अशा मॉडेलांचे सुटे भाग छापू लागलं. या प्रमाणात ४.९३ मीटर लांबीची रोल्स २० सेंटिमीटरला किंचित कमी भरते, रुंदी पावणेआठ सेंटिमीटर. गंमत पुढे आहे. १२ मिलिमीटरचं चिलखत २५ने भागलं की अर्धा मिलिमीटर येतो, म्हणजे चांगल्या जाड कार्डशीटची जाडी. मनोऱ्यातल्या फटीची किंवा उघड्या झडपेची कड मापात दिसायला कुठलीही लबाडी करावी लागत नाही.

मिळतात ते बहुतेक आराखडे १९१४ किंवा १९२०च्या ब्रिटिश नमुन्याचे. आपल्याकडे आलेली गाडी वेगळी होती. १९२१च्या ‘इंडियन पॅटर्न’मध्ये आतली जागा वाढावी म्हणून चिलखती पेटी लांबवली, आणि वरचा गोल मनोरा काढून घुमट बसवला. घुमटाला चार बाजूंना चार गोलक-बैठका, मशीनगन रोखायला. वायव्य सरहद्दीवर दोन्ही अंगांना डोंगर असताना शत्रू कुठून दिसेल याचा नेम नसे. एका वेळी एकाच दिशेला तोंड असलेला मनोरा तिथे अपुराच.

पेटी लांबवणं सोपं. बाजूच्या पत्र्याचा आराखडा दाराच्या मागे उभा कापायचा, मध्ये पट्टी घालायची, आणि जोड रिव्हेटच्या ओळीखाली लपवायचा. किती लांबवायची? त्यासाठी जुना फोटो लागतो आणि फोटोत भरवशाची पट्टी म्हणजे चाक. गाडी तिरकी उभी असली की लांबी आखडते, चाक लंबगोल दिसतं, पण त्याची उभी उंची फारशी फसवत नाही. चाकाच्या उंचीशी पेटीची उंची ताडून पाहायची. लांबीसाठी मात्र अगदी बाजूने काढलेलाच फोटो हवा.

खरी कसोटी घुमटाची. नळकांडं आणि शंकू सपाट कागदातून वळतात, घुमट वळत नाही. कागद एका वेळी एकाच दिशेला वाकतो, दोन्हीकडे वाकवायला गेलं की सुरकुततो. वडोदऱ्याच्या कलाभवनाच्या वास्तूत इंजिनिअरिंगची कित्येक मुलं पहिल्या वर्षाला ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’च्या नावाने बोटं मोडत आली, तोच हा प्रकार. १८९०मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या या संस्थेत चित्रकलेबरोबर कारागिरीही शिकवत.

घुमटावरचा तोडगा दिवाळीत आकाशकंदील करणाऱ्या कुणालाही पटेल: पाकळ्या. समजा, ३० मिलिमीटर त्रिज्येचा अर्धगोल आहे. तळाचा परीघ १८८ मिलिमीटर, बारा पाकळ्या केल्या तर प्रत्येकीचा तळ १५.७. पाकळीची लांबी ४७ मिलिमीटर, म्हणजे परिघाचा चौथा भाग. तळापासून एक तृतीयांश लांबीवर रुंदी १३.६, दोन तृतीयांशावर ७.९, टोकाला शून्य. मधले बिंदू वळणदार रेषेने जोडायचे. सरळ जोडले तर घुमट न होता तंबू होतो. गाडीचा घुमट पूर्ण अर्धगोलाइतका फुगीर नाही, तेव्हा लांबी फोटोवरून कमी करायची, रीत तीच. पाकळ्या कडेला कड लावून आतून पातळ कागदाच्या पट्टीने जोडायच्या. एकावर एक चढवल्या तर उंचवटे रंगानंतरही दिसतात.

चिकटवण्यापूर्वी प्रत्येक पाकळी तळहातावर ठेवून चमच्याच्या पाठीने हलकी घासावी, म्हणजे पोट सुटतं. कागदाचा धागा पाकळीच्या आडवा असला तर लांबीचा बाक सहज येतो. धागा ओळखायला कागदाचा तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून पाहायचा. कमी विरोध जिकडे, त्या घडीच्या रेषेत धागा. घडीच्या रेघा संपलेल्या बॉलपेनने दाबायच्या, फेव्हिकॉल काडीने, अगदी थेंबभर. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात कार्डशीट ओल धरून फुगतं आणि मापं हलतात. सपाट भाग तेव्हा करावेत, घुमट दसऱ्यानंतर. गोलक-बैठकांसाठी काही जण माळेतले मणी वापरतात. कागदशुद्धीचे आग्रही नाक मुरडतील, मुरडोत.

रोल्सचा सांगाडा महाग पडतो म्हणून पुढे हिंदुस्थानसाठी क्रॉसली कंपनीचा स्वस्त सांगाडा निवडला गेला. घुमट राहिला. आत उष्मा अडवायला ॲस्बेस्टॉसचं अस्तर आलं, आणि जमाव अंगाशी येऊ नये म्हणून बाहेरच्या पत्र्यात वीज सोडण्याची सोय. ही गाडी परक्या शत्रूइतकीच इथल्या माणसांसाठी बांधली होती, हे त्या एका तपशिलातून कळतं. सांगाडे झिजल्यावर १९३९च्या सुमारास त्याच पेट्या शेव्हरोलेट ट्रकच्या सांगाड्यावर चढल्या. म्हणून आराखड्यात फेरफार करणं म्हणजे मूळ वस्तूशी प्रतारणा, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. लष्कराच्या कार्यशाळाही हेच करत होत्या.

रोल्स प्रत्यक्ष पाहायची तर वडोदऱ्याहून सुरत-नाशिकमार्गे अहिल्यानगर गाठावं. तिथल्या, १९९४मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात सिल्व्हर घोस्टची चिलखती मोटार उभी आहे. मॉडेल करणाऱ्याने आधी रिव्हेटमधली अंतरं पाहावीत. फोटोत ती कधीच नीट मोजता येत नाहीत.

घुमट बसला की मूळ आराखड्यातला गोल मनोरा उरतो. तो टाकू नये. १९४१मध्ये इराकमधल्या हब्बानिया या ब्रिटिश हवाई तळाच्या सुटकेला निघालेल्या तुकडीत रोल्सच्या जुन्या पेट्या फोर्डसन ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेल्या गाड्या होत्या. पेटीचे पत्रे पुन्हा छापून घ्यायचे, खाली ट्रकचा सांगाडा आणि जाड चाकं नव्याने आखायची, की दुसऱ्या गाडीचं काम सुरू.